विकलेलं परत घेणाऱ्या दुकानाची वाटणी

दूध तापवून झाकलं होतं, अंथरुणं आवरून झाली होती, आणि मी वरून जिना झाडत तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते, तेव्हा दुकानाच्या मागून कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला. मागच्या शेडमधले लाकडाचे आवाज मी सत्तेचाळीस वर्षं ऐकत आले आहे. करवत कोणाच्या हातात आहे हे मी वरच्या खोलीत बसून सांगू शकते. पण कुऱ्हाड आमच्याकडे कधी नव्हती. मी केरसुणी घेऊनच खाली गेले.

टेम्पोवरचे दोघे हमाल सहा माणसांचं जेवणाचं टेबल फोडत होते. आदल्या दिवशी आमच्या 'जुनं द्या, नवं न्या' योजनेत ते एका घरून आलं होतं. एक पाय तुटून पडला होता, दुसऱ्यावर घाव चालला होता.

"काकू, मागे सरा, ढलपी डोळ्यात जाईल."

"कुणी सांगितलं फोडायला?"

"साहेबांनी. कचरागाडीवाला अख्खं घेत नाही, तुकडे करून द्या म्हणतो."

मी त्यांना टेबल पालथं घालायला लावलं. खालच्या अंगाला आमचा आकडा कोरलेला होता, ३१२, आणि शेजारी माझ्या नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी, वरून वॉर्निश मारलेली: 'चार खुंट्या ठोकून बाहेर काढा. पाय सुटे होतात. फोडू नका.'

हमालानं ती मोठ्यानं वाचली. "आयला," तो म्हणाला, "हे सुटत होतं होय!" आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

तेवढ्यात माझा मुलगा आला. त्याच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण पुढची सगळी कलमं त्यातूनच निघाली आहेत.

"आई, तू कशाला खाली आलीस? धूळ आहे."

"आपण जुनं परत घेतो ते फोडायला?"

"मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

"मग 'जुनं द्या' असं पाटीवर कशाला लिहिलंय?"

"नवं न्यावं म्हणून," तो म्हणाला. अगदी सरळ. त्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

ती सकाळ होऊन पाच आठवडे झाले. तेव्हापासून जे म्हणते ते पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून आता कागदावर लिहिते.

मी, ह्या दुकानाची, मागच्या शेडची आणि वरच्या घराची मालकीण, वय एकाहत्तर, फर्निचरवाल्याची विधवा, माझं हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. उलट माझं दडपण इतरांवर येतं अशी तक्रार आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून दाखला दिला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या औषधाच्या कपाटाची वरची बिजागरी सुटत आल्याचंही सांगितलं. कचेरीत ठेवायच्या प्रतीत सगळ्यांची पूर्ण नावं आणि ओळखीचे आकडे आहेत. ही घरची प्रत. इथे ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिलं आहे. माझा मुलगा म्हणजे बाळ, वय शेहेचाळीस. मुलगी म्हणजे धाकटी. ती शेडमध्ये गाद्या भरते, खुर्च्यांचं कापड शिवते. मिस्त्री म्हणजे मिस्त्री. एकतीस वर्षं तो आमच्याकडे आहे. आणि 'हे' म्हणजे हे. ह्यांना जाऊन तीन वर्षं चार महिने झाले. अजून मी चहाला पाणी दोन कपांचं ठेवते. दुसरा कप मिस्त्रीला जातो, त्याची चंगळ आहे.

कलम पहिलं, राहतं घर. वरच्या तीन खोल्या बाळ आणि धाकटी यांना निम्म्या निम्म्या. स्वयंपाकघरातल्या उंच कपाटावरून दोघांनी भांडू नये. ते कपाट मधोमध सुटं होतं. तेव्हा ते सुटं करावं, आणि मग भांडावं.

कलम दुसरं, बँकेतली ठेव. तीही निम्मी निम्मी. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

कलम तिसरं, हत्यारं. ह्यांचे चार रंधे, सगळ्या पटाश्या, दोन करवती आणि लाकडी हातोडा मिस्त्रीला. ते का, ते बाळाला ठाऊक नाही. तो तेव्हा बाहेर शिकत होता.

हे आधी फार गर्वाचे सुतार होते. 'जोड दिसला की सुतार हरला' असं म्हणायचे. यांच्या खुर्चीत कुठे खिळा नाही, खुंटी नाही, सगळं खाचेत बसवून आत सरस. गिऱ्हाईक बोट फिरवून बघायचं आणि हे मिशीत हसायचे. मग एक दिवस शाळेतल्या बाई त्यांची खुर्ची घेऊन आल्या. मागचा एक पाय तडकला होता. "फक्त पाय बदलून द्या," बाई म्हणाल्या, "बाकी खुर्ची ठणठणीत आहे."

खरंच ठणठणीत होती. पण पाय काढायचा कसा? जोड असा पक्का की एक पाय काढायचा तर बैठक फोडावी लागणार. ह्यांनी वाफ देऊन पाहिली, पाचर घालून पाहिली. दुपारी जेवायला वर आले नाहीत. मी ताट घेऊन खाली गेले तर खुर्ची समोर ठेवून नुसते बसले होते.

"मीच केली, आणि मलाच उघडता येत नाही," म्हणाले.

शेवटी ती फोडली. बाईंना नवी खुर्ची करून दिली. त्या खूश झाल्या, हे नाही. त्यानंतर आमच्या शेडमधून बाहेर पडलेली प्रत्येक वस्तू खुंटीवर किंवा बोल्टावर उभी राहिली. प्रत्येकीखाली आकडा, आणि ती कशी सुटते त्याची चिठ्ठी. नोंदवहीत त्याच आकड्यापुढे लाकूड कोणतं, पॉलिश कोणतं, बिजागरी कुठल्या मापाची. मिस्त्री तेव्हा नवा होता, त्याला चेष्टा सुचली. "शेठ, म्हातारपणी हात सैल झाले का?"

"हात नाही रे," हे म्हणाले, "हट्ट सैल झाला."

पन्नाशीच्या माणसानं आपल्या हाताची सगळी रीत बदलली. मिस्त्रीनं ती उचलली. म्हणून हत्यारं त्याला.

कलम चौथं, पुस्तकं आणि कात्रणं. ही सगळी धाकटीला. मी चौथीतून शाळा सोडली. पुढचं सगळं वाचन दुकानातच झालं. काचा आणि आरसे ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचे ती मी सरळ करून वाचायची. बातमीचा शेवट बहुतेक वेळा दुसऱ्या आरशावर असायचा, तो शोधायची. मग वाचनालय लावलं. एका मासिकात मी अशा एका दुकानाबद्दल वाचलं, जे फर्निचर विकतं, भाड्यानं देतं, परत घेतं, दुरुस्त करून पुन्हा विकतं, आणि जे दुरुस्त होत नाही त्याचे पाय, कड्या, फळ्या दुसऱ्याला लावतं. वस्तू दुकानातून जाते आणि फिरून दुकानात येते. मी ते पान ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आपण निम्म्यापर्यंत पोचलोय की!"

इथे माझी चूक लिहून ठेवते. 'जुनं द्या, नवं न्या' हे शब्द माझे आहेत. ह्यांच्यामागे दुकान बाळाकडे आलं तेव्हा ते मासिक मीच त्याच्यापुढे टाकलं. त्यानं पाटी रंगवून घेतली तेव्हा मला वाटलं, पोरगा वाचायला लागला. पाटी वाचली होती त्यानं, पान नाही. जुनं आल्यावर त्याचं काय करायचं हे मी कधी विचारलं नाही. दोन वर्षं गिऱ्हाइकं आपापली जुनी टेबलं विश्वासानं आमच्या टेम्पोत चढवत होती. मिस्त्रीला बाळानं तेव्हापासून घरोघरी नवी कपाटं जोडायला पाठवायला सुरुवात केली होती, आणि धाकटी येते दुपारी. माल फुटायचा सकाळी, आणि त्या वेळी मी वर असायची. तीनशे बारा नंबरच्या टेबलाआधी किती वस्तू फुटल्या ते मला माहीत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा मी पुरवला.

कलम पाचवं, कंपनीचा माणूस. आमच्याकडे भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं ज्याच्याकडून येतात, त्याला मी काही ठेवत नाही. फक्त खोलीतल्या बरणीतले तीनशेच्या वर तुटके स्क्रू आणि कानात घालायच्या झुमक्यांइतक्या नाजूक बिजागऱ्या त्याला घरपोच द्याव्यात. एकदा मी त्याला विचारलं होतं, "घर बदललं आणि कपाट उघडून पुन्हा जोडलं तर?" तो हसून म्हणाला, "मावशी, दुसऱ्यांदा जोडायला ते केलेलंच नाही." नव्याचे नऊ दिवस ही म्हण ऐकली होती, त्याचा धंदा करणारा माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कलम सहावं, दुकान. ह्यासाठीच बाकीचं सगळं लिहिलं.

बाळाला शेड पाडायची आहे. तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला फरशी घालायची आहे. ठेकेदार दोनदा माप घेऊन गेला. जागा माझ्या नावावर आहे म्हणून अडलं आहे, आणि गेले पाच आठवडे जेवताना एकच वाक्य ऐकते आहे, "आई, सही तेवढी कर."

बाळ वाईट नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. दुकानाचं नाव राखायला तो सकाळी नऊ ते रात्री नऊ उभा असतो. त्याचं म्हणणंही मी ऐकलं आहे. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या मोठ्या दुकानात जातं, हे खरं आहे. दुरुस्तीची मजुरी लोक घासाघीस करून देतात, हेही खरं. मी म्हटलं, दुरुस्त केलेला माल दुकानाच्या दर्शनी भागात मांड. तर म्हणतो, "आपलंच जुनं आपल्या नव्याच्या शेजारी? नवं कोण घेईल मग?"

"ज्याला नवं परवडत नाही तो आज आपल्या दारातून परत जातो. तो घेईल."

"आणि परवडणारा पण जुनंच घेईल."

"घेऊ दे की. तो परत येईल. कापड बदलायला येईल, पोरगी मोठी झाली की पलंग लांब करायला येईल."

"तुला दुकान चालवायचंय की दवाखाना?"

सून इथे हसली. मीही हसले, कारण बोलणं झकास होतं. पण उत्तर झालं नाही.

मग मी टेम्पोचं काढलं. आमचा टेम्पो माल भरून जातो आणि रिकामा येतो. येताना जुनं आणायला वेगळी फेरी लागत नाही. बाळ म्हणाला, "रिकामा येतो म्हणून लवकर येतो." अशा माणसाशी मी काय वाद घालणार? त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे, आणि प्रत्येक उत्तर आजच्या दिवसापुरतं आहे.

जुनं ते सोनं असंही माझं म्हणणं नाही. आमच्या हातूनही भिकार माल गेलेला आहे. एक सबंध वर्ष आम्ही ओल्या लाकडाचे पलंग विकले, त्यांची करकर मला अजून ऐकू येते. माझं म्हणणं एवढंच, की जे आपण विकलं त्याची जबाबदारी दारातून बाहेर पडल्यावर संपत नाही. गिऱ्हाइकानं ती वस्तू परत आणली तर ती आपलीच आहे.

म्हणून वाटणी अशी.

रस्त्यावरचं पुढचं दुकान, त्याचं नाव आणि टेम्पो बाळाला. मागची शेड, मोकळी जागा आणि फाटक, धाकटी आणि मिस्त्री यांना जोडीनं.

आमचं दुकान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ह्याचा अर्थ लगेच कळेल. पुढच्या बाजूला सात पायऱ्या आहेत आणि दार अरुंद. सोफा तिथून जात नाही. एकूण एक माल मागच्या फाटकातून येतो आणि जातो. बाळाला त्या फाटकातून जायचा यायचा हक्क कायम राहील, दिवसा कधीही. पण तीन अटींवर.

परत आलेली कोणतीही वस्तू मिस्त्रीनं किंवा धाकटीनं पालथी घालून पाहिल्याशिवाय त्या फाटकातून कचऱ्यात जाणार नाही. त्यांनी 'गेली' म्हटलं तर गेली. पण तिच्या कड्या, कुलपं, चांगल्या फळ्या आधी काढून खणात ठेवायच्या. खणांवर मापं मी लिहून ठेवली आहेत.

जी वस्तू सुटी करून पुन्हा जोडता येत नाही ती नव्यानं आणायची नाही. दुकानात उभा आहे तो माल विकून संपवावा. मी कोणाचं नुकसान मागत नाही.

आणि प्रत्येक नव्या वस्तूच्या पावतीवर ती परत आणली तर दुकान काय देईल ते आधीच लिहून द्यायचं. म्हणजे गिऱ्हाईक ती जपून वापरेल, आणि आपण ती फोडायच्या आधी दोनदा विचार करू.

लहान मुलांचे पलंग आणि अभ्यासाची टेबलं भाड्यानं द्यावीत, ही अट नाही, सांगणं आहे. पोरं वाढतात, पलंग वाढत नाहीत. ह्यांनी खेचून लांब करता येणारा एक पलंग केला होता. तो आजवर पाच घरांत राहून आला आहे आणि सध्या सहाव्या घरात आहे. आणि पुढच्या दुकानातल्या विक्रेत्या पोरींना नव्या मालावर जसं बक्षीस मिळतं तसंच दुरुस्त मालावर मिळावं. नाहीतर त्या तो दाखवणारच नाहीत, आणि त्यांची चूकही नाही.

मिस्त्रीला हे वाचून दाखवलं तेव्हा तो गडबडला. "वहिनी, मला मालक करू नका. मालक झालो की मला शिव्या कुणाला द्यायच्या ते कळणार नाही."

"धाकटीला दे."

"ती उलट देते."

"मग जमेल तुमचं."

कलम सातवं, माझं शेवटचं. दुकान एक दिवस बंद ठेवावं, दोन नाही. शेड त्या दिवशीही उघडी असावी. कोणाचं तरी काम अडलेलं असतं. माझा फोटो पुढच्या दुकानात लावू नये. नव्या मालाकडे बघत राहायची मला हौस नाही.

ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकटीनं करावी. ह्याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वर लिहिलं आहे ते मी स्वतः वाचून पाहिलं, चार ठिकाणी खाडाखोड केली, आणि तिथे तिथे सही केली आहे.

लिहून देणार: (सही) दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिल्या: (सही) समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई

साक्षीदार दुसरे: (सही) वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल

ठिकाण: दुकानावरची मधली खोली

दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार

पुरवणी, दिनांक ११ मार्च, बुधवार. त्याच दोघा साक्षीदारांच्या सह्या समासात आहेत.

सोमवारी संध्याकाळी मी वरचा कागद सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. भांडण होईल, बाळ ओरडेल, मी तयार होते. धाकटी दाराशी उभी होती. मिस्त्री पायरीवर बसला होता, आत यायला तयार नव्हता.

बाळानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. तिन्ही अटी पुन्हा वाचायला लावल्या. मग कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"छान लिहिलंयस, आई. खरंच."

"मग?"

"मग काय? तुला काय धाड भरलीय? डॉक्टरीणबाई म्हणतात तू नव्वदी गाठशील. तोवर बघू. ठेकेदाराला मी पुढच्या आठवड्यात बोलावलंय, तेवढी सही कर."

तो मनापासून म्हणाला. मी खूप जगावं असं त्याला वाटतं, ह्यात मला शंका नाही. आणि नेमकं तेच त्यानं माझ्याविरुद्ध वापरलं, हेही त्याला कळलं नाही. रोज जेवताना हेच ऐकून कधीतरी मी सही करून टाकीन. मी मरेपर्यंत फरशी घातलेली असेल, शेड नसेल, आणि धाकटी आणि मिस्त्रीला जोडीनं वाटून द्यायला गाड्या लावायची जागा उरेल. मृत्युपत्र म्हणजे मेल्यावर बोलणारा कागद. ही चूक माझ्या लक्षातच आली नव्हती.

म्हणून कलम सहाव्यातला शेडचा भाग ह्या पुरवणीनं रद्द करते. पुढच्या दुकानाचा भाग तसाच राहील. तिन्ही अटी नव्या कागदात घातल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी साडेदहाला मी धाकटीला आणि मिस्त्रीला घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेले, आणि शेड, मोकळी जागा आणि फाटक बक्षीसपत्र करून त्यांच्या नावे करून दिलं.